दाजी, कोर्स कुठला?

फेब्रुवारीतला रविवार. न्यू जर्सीत बाहेर गुडघाभर बर्फ, पोटात मिसळ आणि समोर मेहुण्याचा लॅपटॉप. एप्रिलच्या सुट्टीत कॅरिबियनला जायचं हे बायकांनी परस्पर ठरवलं होतं. तारखा त्यांच्या, हॉटेलं त्याच बघणार. आम्हा चौघांकडे गोल्फचं तेवढं खातं आलं होतं, रुसलेल्या आमदाराला महामंडळ द्यावं तसं. "दाजी, कोर्स कुठला?" मेहुण्यानं विचारलं, आणि ती दुपार गेली ती गेलीच.

खरं सांगू का, गोल्फ खेळण्यापेक्षा कोर्स निवडण्यात मजा जास्त. टेबलाशी बसून मी आजवर एकही बॉल समुद्रात घातलेला नाही. चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत तर माझा पट, म्हणजे होलजवळचा शेवटचा हलका टोला, हमखास आत जातो.

नागपूरकरानं सुरुवातीलाच बर्म्युडाचं नाव काढलं. आमच्या चौकडीतले हाडांचे डॉक्टर पुण्याचे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बर्म्युडा कॅरिबियनमध्ये येत नाही. ते नॉर्थ कॅरोलायनाच्या समोर आहे. बहामाजसुद्धा अटलांटिकमध्ये येतं, लोक उगाच धरून चालतात." नागपूरकर म्हणाला, "अरे बापा, पाणी खारट आहे ना? मग झालं!" यावर अर्धा तास गेला. बर्म्युडा यादीतून उडालं, डॉक्टरांचं समाधान झालं.

मेहुणा एक्सेलवाला माणूस. त्यानं रकाने पाडून ठेवले होते: आराखडा कुणाचा, यार्ड किती, समुद्राला चिकटून होल किती, फी किती. तो वाचत गेला. डोमिनिकन रिपब्लिकमधलं पुंता काना, तिथलं पुंता एस्पादा, जॅक निकलसचं. शेजारीच कोरालेस, टॉम फाझिओचं. शेवटच्या तीन होलना 'डेव्हिल्स एल्बो' म्हणतात, आणि 2018 पासून पीजीए टूरवाले, म्हणजे अमेरिकेतले व्यावसायिक गोल्फवाले, तिथं खेळतात. अरुबात टिएरा देल सोल, तिथं फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या हिरव्या पट्ट्याच्या, कडेला झाडं नाहीत, निवडुंग. फीचा रकाना आला की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "रुपयात किती झाले?" तीस वर्षं डॉलरात पगार घेतला तरी आमच्या घरात महागाई रुपयातच मोजतात.

मला आराखडा कुणाचा याचं फारसं अप्रूप नाही. माझ्या डोक्यात कॅरिबियनचा एकच नकाशा आहे आणि तो क्रिकेटचा. पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाऊन, किंग्स्टन. त्या नकाशात पुंता काना नावाचं गावच नाही. आणि माझी जुनी तक्रार अशी की जिथं क्रिकेट तिथं गोल्फ बेताचं किंवा आवाक्याबाहेरचं, आणि जिथं गोल्फ बहारीचं तिथं सगळे बेसबॉलवाले. स्पॅनिश बोलणाऱ्या बेटांवर क्रिकेटवीर गॅरी सोबर्सचं नाव काढलं तर वेटर बिल आणून देतो.

म्हणून मी बार्बाडोसचा आग्रह धरला. सोबर्सचं बेट. क्रिकेट सोडल्यावर तो माणूस गोल्फमध्ये रमला, एवढंच कारण मला पुरेसं होतं. पण तिथलं सगळ्यात नाव असलेलं ग्रीन मंकी, जुन्या चुनखडीच्या खाणीत उतरवलेलं, ते फक्त सँडी लेन हॉटेलात उतरलेल्यांना. सँडी लेनचा एका रात्रीचा आकडा मेहुण्यानं नुसता दाखवला, वाचला नाही. आत ऐकू जाईल म्हणून.

मग जमैका. माँटेगो बेच्या पलीकडे ट्रायॉल. डोंगरउतार, खाली समुद्र, फोटो बघूनच डॉक्टर विरघळले. मी मात्र अडलो, कारण तिथं बॅग वाहणारा कॅडी घ्यावाच लागतो.

हा माझा विक्षिप्तपणा आहे, मान्य. मला कॅडी चालत नाही. जमैकाचे कॅडी ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं गुळगुळीत गवत, असं वाचतात की आपण फक्त पटर हलवायचा, सगळे सांगतात. असेल. पण माझी बॅग दुसऱ्याच्या खांद्यावर आणि मी पुढं हात हलवत, हे मला जमत नाही. मी चालत असतो आणि लक्ष सगळं त्याच्या खांद्याकडे. त्यात दोन वाईट शॉट मारले की वाटतं, या माणसाला आपण उगाच झाडीत फिरवतोय. मिरज स्टेशनवर मी हमालाशी भांडून स्वतःच ट्रंक उचलायचो, आणि पाठ धरल्यावर आठवडाभर मूव्ह मलम चोळून घ्यायचो, ही गोष्ट बायको अजून पाहुण्यांना सांगते.

"दाजी, त्याचं पोट आहे त्याच्यावर," मेहुणा म्हणाला. त्याचंही खरंच.

ट्रायॉलच्या फोटोंत एक मोठं लोखंडी पाणचक्र दिसतं. कोर्सवरच आहे. डॉक्टरांना वाटलं शोभेला ठेवलंय. मी म्हटलं, "छे, हा चरक फिरवायचा." ट्रायॉल म्हणजे मुळात उसाचा मळा. त्या चक्राच्या जोरावर ऊस पिळायचे आणि ऊस तोडायचे आफ्रिकेतून आणलेले गुलाम. गुलामी संपली तेव्हा माणसं कमी पडली, म्हणून 1845 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर आणले, जमैकाला आणि त्रिनिदादला. तिथल्या कितीतरी कोर्सखाली उसाचीच रानं आहेत. सपाट, साफ केलेली, समुद्राजवळची जमीन आयती मिळाली आणि साखरेचा भाव गेला, मग दुसरं काय करणार?

गवताचंही गमतीचं आहे. तिकडं बऱ्याच कोर्सवर बर्म्युडा गवत असतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर उसातली हरळी खणली, खुरपली, तिला शिव्या घातल्या, आणि जाताना म्हणाले, "मी जाईन, पण ती राहील." त्याच हरळीवरून चालायला आम्ही चौघं रांगेत उभं राहून पैसे भरणार. बायकोला हे मी सांगितलं नाही. तिच्या माहेरच्या पाच एकरांत अजून फुकट आहे.

शेवटी मेहुण्यानं यादीतलं पहिलं नाव काढलं, जे त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. डोमिनिकन रिपब्लिकमधल्याच ला रोमानाचं टीथ ऑफ द डॉग. आराखडा पीट डायचा. सात होल अगदी लाटांना चिकटून, पाचवा ते आठवा आणि पुढं पंधरा, सोळा, सतरा. काठाचा प्रवाळाचा खडक कुत्र्याच्या दातांसारखा, मजूर त्याला तसंच म्हणायचे, तेच नाव पडलं. तो खडक त्या लोकांनी घण, छिन्नी आणि कुदळीनं हातानं फोडला. "कोर्स सुरू कधी झाला?" मी सहज विचारलं. "1971."

1971 म्हटलं की मला दुसरं काही सुचत नाही. वाडेकर कप्तान, सरदेसाईच्या 642 धावा, गावसकरच्या चार कसोटींत 774. पोर्ट ऑफ स्पेनला मार्चमध्ये आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. मी चौथीत. वडील कोल्हापूर भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात केमिस्ट, आम्ही कारखान्याच्या कॉलनीत. पेपर एसटीनं यायचा आणि त्यात स्कोअर अर्धाच असायचा, कारण तिकडं खेळ संपेपर्यंत इकडं छपाई उरकलेली. सरदेसाई नाबाद, एवढ्यावर दुसरा दिवस काढायचा.

गळीत हंगाम भरात असायचा. मळीचा वास, भोंगा, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी. संध्याकाळी काट्यापाशी उसाच्या बैलगाड्यांची रांग लागायची, कधीकधी पार ओढ्याच्या पुलापर्यंत. आम्ही पोरं मागून ऊस ओढायचो. एकदा गाडीवर बसलेल्या बाईनं मला बघितलं. ओरडली नाही. "ओढू नको लेकरा, मोळी सुटंल," म्हणाली, आणि स्वतः एक कांडं गुडघ्यावर मोडून दिलं. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. उसाची पात हाताला कशी कापते ते ऊस सोलणाऱ्यालाच ठाऊक, तोडणाऱ्याची तर गोष्टच सोडा. बैलांपाशी तिचा मुलगा उभा होता, माझ्याच वयाचा. बीडकडचे. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन टोळीटोळीनं ऊसतोडीला यायचे, कोप्यांत राहायचे, उन्हाळा लागला की परत. शाळा असलीच तर पावसाळ्यापुरती.

मी ऊस खात त्याला बातमी दिली, सरदेसाई वेस्ट इंडिजला गेलाय, जोरात चाललंय त्याचं. त्यानं बैलाच्या मानेवरची माशी हाकलली आणि विचारलं, "कुणाच्या टोळीत?"

मी घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. कॉलनीत पुढं बरीच वर्षं हा विनोद चालला. कुणी मुंबईला बदलून गेला की विचारायचे, कुणाच्या टोळीत?

मेहुणा ला रोमानाची माहिती वाचत होता आणि मला ते पोरगं दिसत होतं. कारण ला रोमाना हा साखर कारखान्याचाच गाव. गल्फ अँड वेस्टर्न नावाच्या अमेरिकन कंपनीनं 1967 मध्ये कारखाना घेतला, त्याच्याबरोबर जमीन आली आणि त्या जमिनीच्या समुद्राकडच्या कडेला हॉटेल आणि गोल्फ आलं. सेंट्राल रोमाना हा कारखाना अजून चालतो. ऊस तोडणारे मुख्यतः शेजारच्या हैतीतून आलेले, त्यांच्या वस्त्यांना बातेय म्हणतात, उसाच्या मधोमध. 2022 मध्ये अमेरिकेनं सक्तीच्या मजुरीच्या खुणा दिसतात म्हणून तिथल्या साखरेची आयात थांबवली. कंपनीनं आरोप नाकारला, आणि 2025 मध्ये बंदी उठली.

म्हणजे 1971 च्या त्या मार्चमध्ये वेस्ट इंडिजकडच्या समुद्रात टोळ्या होत्याच. त्या पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता, माणूस तेवढा चुकला होता.

आणि त्यांचा हंगामही तोच. साधारण डिसेंबरपासून पाऊस ओसरतो, उसात साखर उतरते, तोडणी लागते. वादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो म्हणून गोल्फची फी तेव्हाच चढते. क्रिकेटचे दौरेही तेव्हा त्याच कोरड्या महिन्यांत असायचे. आम्ही एप्रिलात सातव्या होलवर समुद्रापलीकडच्या ग्रीनकडे तोंड करून उभे असू, तेव्हा आत उसात कोयते चालू असतील. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसेलही कदाचित. बायका म्हणतील, अगदी आपल्या सांगली-कोल्हापूरसारखं वाटतंय नाही?

हे सगळं मी मोठ्यानं बोललो नाही. डॉक्टर डुलकी काढत होते. नागपूरकर मिसळीचा उरलेला रस्सा ब्रेडशी संपवत होता.

"दाजी, मग टीथ ऑफ द डॉग घेऊ ना?"

"घे. सकाळची वेळ घे, दुपारी वारा सुटतो."