एफवायचं दुसरं सेमिस्टर: तारखा, कागद आणि घरातली मदत

दोन मुलांचं एफवाय, म्हणजे डिग्रीचं पहिलं वर्ष, आमच्या घरातून पार पडलं, एकाचं कॉमर्सचं, एकीचं सायन्सचं. त्यातून एवढं पक्कं कळलं की अभ्यास त्यांचा त्यांनीच करायचा असतो, पण तारखा आणि कागद यांवर आई-बाबांचं लक्ष असेल तर बरेच घोळ टळतात. हे घोळ दुसऱ्या सेमिस्टरलाच जास्त होतात. जूनमध्ये अख्खं घर अ‍ॅडमिशनच्या मागे असतं, जानेवारीत कोणी विचारत नाही.

आणि हे सेमिस्टर दिसतं त्यापेक्षा खूप आखूड असतं. जानेवारी जातो डेज, फेस्टिव्हल आणि स्पोर्ट्समध्ये. फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू होते. मुंबईत बहुतेक ठिकाणी ज्युनिअर आणि डिग्री कॉलेज एकाच इमारतीत, त्यामुळे वर्ग परीक्षा केंद्राला जातात आणि एफवायची लेक्चर्स दुपारी ढकलली जातात, ऑनलाइन होतात किंवा होतच नाहीत. मग होळी, पाडवा, रामनवमी. तोवर परीक्षेचं टायमटेबल लागलेलं असतं.

याचा थेट फटका हजेरीला बसतो. परीक्षेला बसायला पंचाहत्तर टक्के हजेरी लागते आणि तिचा हिशेब झालेल्या लेक्चर्सवर होतो. चार क्रेडिटच्या थिअरी विषयाला साधारण 60 तास धरलेले असतात. ते सगळे झाले तर 45 हजेऱ्या लागतात, म्हणजे 15 चुकली तरी चालतात. पण प्रत्यक्षात 44 च लेक्चर्स झाली, तर 33 लागतात आणि चुकवायला उरतात फक्त 11. दोन क्रेडिटच्या विषयात तर 30 पैकी सातच. मुलं मनात पंधराचा आकडा धरून बसलेली असतात आणि मार्चमध्ये डिफॉल्टर लिस्टवर, म्हणजे हजेरी कमी पडलेल्यांच्या यादीत, नाव दिसतं. म्हणून जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीअखेर, असं दोनदा, विषयवार हजेरी विचारा. टक्केवारी नको, ‘किती झाली, किती बसलास’ असे दोन आकडे विचारा. टक्केवारी अंदाजाने सांगता येते, हे दोन आकडे बघूनच सांगावे लागतात.

आजारपणाचं मेडिकल सर्टिफिकेट परत गेल्या गेल्या ऑफिसात द्यायचं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. एप्रिलमध्ये एकदम आणलेली सर्टिफिकेटं कोणी मनावर घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. एनएसएस किंवा एनसीसीच्या कामामुळे लेक्चर बुडालं असेल, तर त्या सरांच्या किंवा मॅडमच्या सहीची चिठ्ठी त्याच आठवड्यात घ्यायची. एनएसएसचे वर्षाला 120 तास आणि सात दिवसांचं शिबिर असतं. त्या शिबिराचा आठवडा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट. ती हातात आली की बहुतेक घरांत शेवटचा आकडा बघतात आणि विषय संपतो. ती ओळ न् ओळ वाचायला हवी. समजा एका विषयाचे 100 मार्क, त्यात लेखीचे 60 आणि इंटर्नलचे 40. मुलाला इंटर्नलला 33 आणि लेखीला 21 मिळाले. बेरीज 54, दिसायला बरी. पण जिथे दोन्हींत वेगवेगळे चाळीस टक्के लागतात तिथे लेखीत 24 हवेत, म्हणजे केटी लागली, विषय राहिला आणि परत द्यावा लागणार. उलटंही होतं. लेखीत छान मार्क आणि इंटर्नलला गैरहजर, कारण प्रेझेंटेशनच्या दिवशी मित्राची गाडी चुकली म्हणून गटच उभा राहिला नाही. कॉलेज स्वायत्त असेल तर 60-40 ची वाटणी बदलू शकते, तेव्हा परीक्षा विभागाची नोटीस स्वतः वाचा.

केटी असेल तर तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि त्याची तारीख नेमकी फेस्टिव्हलच्या गडबडीत येऊन जाते. फॉर्म भरायचा राहिला तर तो विषय पुढच्या परीक्षेपर्यंत मानेवर बसतो. मूल घाबरून हे लपवतं, कारण घरात काय होईल याचा अंदाज त्याला असतो. त्यामुळे केटी कळली त्या संध्याकाळी पहिला प्रश्न ‘फॉर्म कधीपर्यंत भरायचा आहे?’ हा असू द्या. ओरडायचं असेल तर फॉर्म भरल्यानंतर ओरडा. खरं तर तोवर राग बराच उतरलेला असतो.

सायन्सवाल्यांसाठी जर्नल हा वेगळाच मामला आहे. सही झालेलं, सर्टिफाय केलेलं जर्नल नसेल तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. जर्नल उघडून पहिलं पान बघा. तिथे इंडेक्स असतो: तारीख, प्रयोगाचं नाव, पान नंबर आणि उजवीकडे सहीचा रकाना. तो रकाना जिथे कोरा आहे तो प्रयोग चुकलाय किंवा तपासायचा राहिलाय. फेब्रुवारीत असे दोन कोरे रकाने असतील तर सर दुसऱ्या बॅचबरोबर प्रयोग करून देतात. शेवटच्या आठवड्यात लॅबबाहेर जर्नल घेऊन रांग लागते, तेव्हा कोणाकडेच वेळ नसतो.

कागदांत सगळ्यात जास्त रखडते ती शिष्यवृत्ती. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरला म्हणजे काम झालं असं नाही. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून त्रुटी काढून परत येऊ शकतो, आणि परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तिथेच अडकतो. दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्टेटस बघा. त्रुटी बहुधा दोनच असतात: उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा नसतो, किंवा मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं. खात्याला आधार नंबर दिलाय आणि सरकारी पैसे जमा होण्यासाठी ते खातं जोडलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत जाऊन दुसरी गोष्ट मुद्दाम विचारा. क्रेडिट जमा होण्यासाठीचा बारा अंकी एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी डिजिलॉकरमधून काढता येतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर ते परीक्षेच्या फॉर्मच्या आधी दुरुस्त करून घ्या.

लोकलचा पासही हिशेबात धरा. विद्यार्थ्यांना पास निम्म्या दरात मिळतो, पण त्याआधी कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशनचा फॉर्म आणायचा, मग स्टेशनच्या खिडकीवर उभं राहायचं. तीन महिन्यांचा पास जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काढला तर तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ऐन परीक्षेच्या तोंडावर संपतो. नवा फॉर्म मार्चअखेर आणून ठेवा. परीक्षेच्या दिवशी बदलापूर किंवा विरारकडून येणाऱ्यांनी नेहमीच्या आधीच्या दोन गाड्या धराव्यात. सहसा अर्ध्या तासानंतर हॉलमध्ये घेत नाहीत. गाड्या खोळंबल्या तर स्टेशनातूनच कॉलेजला फोन करायचा. तो नंबर मुलाच्या मोबाइलमध्ये आदल्या रात्री असलाच पाहिजे. हॉल तिकिटाच्या दोन झेरॉक्स, आयकार्ड, साधं घड्याळ, साधा कॅल्क्युलेटर. स्मार्टवॉच घरीच.

परीक्षेआधीचे तीन आठवडे घरातून काय करता येतं? दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, कुकर आणि अभ्यास एकत्र नांदत नाहीत, हे आपल्याला माहीतच आहे. संध्याकाळी सात ते नऊ टीव्ही बंद ठेवता आला तर उत्तम, नाहीतर जवळच्या अभ्यासिकेत महिन्याभरासाठी जागा बघा; एप्रिलच्या उकाड्यात तिथल्या पंख्याखालची खुर्ची लवकर भरते, तेव्हा मार्चमध्येच चौकशी करा. डबा द्या. उन्हाळ्यात बाहेरचा बर्फ आणि उघडं पाणी टाळा, परीक्षेच्या आठवड्यात कावीळ किंवा टायफॉइड परवडत नाही. लग्नाची आमंत्रणं येतातच. मावशीला आधीच फोन करून सांगा की तो फक्त जेवायला येईल.

मूल जेवत नसेल, रात्रभर जागं असेल, मित्रांचे फोनही उचलत नसेल आणि हे दोन आठवडे चालू असेल, तर ‘परीक्षेचं टेन्शन आहे, जाईल’ म्हणून सोडू नका. कॉलेजला समुपदेशक असेल तर त्यांच्याकडे चला म्हणा. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर कधीही फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, आणि आई-बाबाही करू शकतात. जीव नकोसा झालाय असं काही बोललं, तर त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

निकाल लागला की उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी आणि पुनर्मूल्यांकनासाठी मोजकेच दिवस मिळतात. आधी झेरॉक्स मागवा, त्या विषयाच्या सरांना दाखवा, मगच पैसे भरायचे की नाही ते ठरवा. दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट स्कॅन करून मूळ प्रती एका फाईलमध्ये ठेवा. एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) अ‍ॅडमिशनला त्याच लागतात.