सांगावा आला नाही

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, रात्री

वरच्या घरातले आजोबा रविवारी गेले. मला आज कळलं. तेही त्यांचा कोयता परत द्यायला गेले म्हणून.

दार त्यांच्या नागोयाच्या मुलीनं उघडलं. आतल्या खोलीत लहानसं टेबल मांडलेलं, त्यावर फोटो आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेला अस्थींचा कलश. मी उंबऱ्यात कोयता घेऊन उभी. तिनं आधी कोयत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कळलं नव्हतं?" अशा वेळी जपानीत बोलायचं एक ठरलेलं वाक्य आहे. मला ते पाठ आहे, अकरा वर्षांत कितीदा तरी म्हटलंय. आज ते तोंडातून बाहेरच आलं नाही. नुसती वाकले आणि कोयत्यासकट घरी आले.

बुधवारी सकाळी खिडकीतून पलीकडच्या आजी चढाकडे जाताना दिसल्या होत्या. काळे कपडे, काळी पिशवी. मी मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन. मी हात हलवला. त्यांनीही हलवला.

हेच राहून राहून डोळ्यांपुढे येतंय. मी हात हलवला. त्या अंत्यविधीला निघाल्या होत्या आणि मी हसून हात हलवला.

इथे सगळ्या बातम्या काइरानबानमधून कळतात. एक फाइल घरोघर फिरते. वाचायची, आपल्या चौकोनात शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायची. कुणी गेलं की फाइलची वाट न बघता एकच कागद हातोहात फिरतो. आमच्या रांगेत आधी आजींचं घर, मग माझं, मग वळणावरचं, मग आजोबांचं. म्हणजे तो कागद आजींच्या दारातून निघाला, माझ्या दारावरून गेला आणि वळणावरच्या घरी पोचला. माझं दार मध्येच आहे. तिथून जायला दुसरा रस्ताही नाही.

गावच्या सूचनांचा संध्याकाळी पाचचा लाउडस्पीकर ऐकते मी रोज. त्यावरही सांगितलं असेल. पण दोन्ही अंगाच्या डोंगरांवर आपटून शब्द एकमेकांत मिसळतात, आणि दीड वर्ष झालं तरी मला त्यातली सुरावटच काय ती कळते.

ह्याला फोन केला. म्हणाला, विसरले असतील, तू फार मनाला लावून घेतेस. विसरले असते तर बरं झालं असतं. इथली माणसं विसरत नाहीत. कुणाच्या घरी कचऱ्याची कोणती पिशवी कोणत्या वारी बाहेर आली, हेसुद्धा लक्षात असतं त्यांच्या.

आमच्या पाटण खोऱ्यातल्या वाडीत कुणी गेलं की पोरं सुटायची. एक वरच्या आळीला, एक ओढ्यापलीकडे, एक एस्टीनं तालुक्याला. भावकीत बारा वर्षं बोलणं बंद असलं तरी सांगावा जायचाच. यायचं न यायचं त्यानं ठरवावं, पण सांगितलं नाही असं व्हायला नको. माझी आजी म्हणायची, लग्नाचं आवतण चुकलं तर रुसवा काढता येतो, मरणाचा सांगावा चुकला तर काढता येत नाही.

नानांच्या वेळी मला सांगावा वेळेवर आला होता. मे २०२१. मीच पोचले नव्हते. ते आज लिहायचं नाही.

जपानी शिकताना एका धड्यात 'मुराहाचिबु' हा शब्द आला होता. गावानं एखाद्या घराशी व्यवहार तोडायचा, आपल्याकडे वाळीत टाकतात तसं. आपल्याकडे त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला, तेव्हा मी वर्गात अगदी हिरिरीनं सांगितलं होतं की हे आमच्याकडेही आहे. हाचिबु म्हणजे आठ भाग. त्या शब्दाची एक उकल अशी सांगतात की गावात माणसाला माणूस लागतो ती दहा कामं. त्यातली आठ तोडायची, दोन मात्र नाही. आग लागली तर धावून जायचं आणि माणूस मेलं तर जायचं. वाळीत टाकलेल्या घरालाही ही दोन चुकत नाहीत.

मग मी कोण? मला तर कुणी वाळीत टाकलेलं नाही. गेल्याच महिन्यात आजींनी दारात मुळे आणून ठेवले, पाल्यासकट, ओले. वळणावरचे काका माझी गाडी चिखलात रुतली तेव्हा जेवण सोडून आले. सगळे हसून बोलतात. आणि मरण झालं तेव्हा मात्र माझ्या दारावरून कागद पुढे गेला. वाळीत टाकायलाही माणूस आधी गावातला असावा लागतो. मला अजून त्यातही धरलेलं नाही.

हे लिहिताना रडू आलं. लिहून ठेवते.

टोकियोत मेट्रोच्या तोझाई लाइननं कामाला जायचे त्या दिवसांत हे सुचलंही नसतं. निशी-कासाईहून सकाळची गाडी. २०१९ साली किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के गर्दी मोजली गेली होती, आणि मी रोज त्या गर्दीत उभी असायचे, हात वर अडकलेला, कुणाचा तरी श्वास मानेवर. आमच्या मजल्यावर आठ घरं. टोकाच्या घरातला माणूस कधी गेला मला माहीत नाही. एक दिवस दाराला वेगळ्या नावाची पाटी दिसली. तेव्हा मला काहीही वाटलं नव्हतं. खरंच काही नाही. पाटी वाचली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

तिथून पळायचं होतं म्हणून तर किसोचं हे खोरं. टोकियोतल्या शिन्जुकूहून अझुसा गाडीनं शिओजिरीपर्यंत, तिथून गाडी बदलून खोऱ्यात शिरायचं. नदी, रूळ, रस्ता आणि घरांची एक ओळ एवढंच मावतं दोन डोंगरांच्या मध्ये. ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. आख्ख्या देशात २०२३ च्या मोजणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली, त्यातलंच एक आम्ही भाड्यानं घेतलं. पहिल्या रात्री इतकं शांत होतं की झोप लागली नाही. मी आईला सांगितलं होतं, इथे कुणी मला ओळखत नाही, किती बरं वाटतं.

आजोबांनी ओळखायला सुरुवात केली ती झाडांवरून. मी अंगणातल्या एका झाडाला हिनोकी म्हटलं. ते कुंपणापाशी थांबले, फांदी वाकवली, पान उलटं करून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. हिनोकीच्या पानामागे पांढऱ्या रेषांचा वाय असतो, सावाराच्या मागे एक्स. माझ्या अंगणात सावारा होता. त्यानंतर दिसले की परीक्षा घ्यायचे. उभी हयात जंगलखात्याच्या लाकूडतोडीत गेली होती त्यांची. ओवारीच्या सरदारांच्या काळात या खोऱ्यात पाच जातींच्या झाडांना हात लावायला बंदी होती: हिनोकी, सावारा, असुनारो, नेझुको, कोयामाकी. "एक झाड, एक मुंडकं," असं म्हणून ते आपल्याच मानेवर हाताची कड मारून दाखवायचे.

यंदाच्या जूनमध्ये आगेमात्सूच्या जंगलात इसेच्या देवळासाठी झाडं तोडली. ते देऊळ दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात, आता २०३३ ला. त्या दिवसानंतर महिनाभर आजोबांकडे दुसरा विषय नव्हता. करवत नाही, फक्त कुऱ्हाडी. तीन बाजूंनी बुंधा पोखरत जायचं, मध्ये पोकळ, आणि झाड शेवटी तीन पायांवर उभं राहतं. मग एक पाय तोडायचा की ते ठरलेल्या बाजूलाच जातं. मला सांगताना त्यांनी जमिनीवर तीन बोटं टेकवली होती आणि दुसऱ्या हातानं एक बोट हळूच उचललं होतं. ती बोटं दिसताहेत.

कोयता ऑक्टोबरात दिला होता, चुलीसाठी बारीक फाटी फोडायला. घाई नाही म्हणाले होते. मी खरोखरच घाई केली नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज आजींकडे गेले. शुक्रवारपासून मनात चाललं होतं की विचारायचं नाही, कळू द्यायचं नाही, आपणही अंतर ठेवायचं. दोन दिवस ठेवलंही. पण सुनकीचं विरजण हवं होतं आणि ते आजींशिवाय कुणाकडे मागणार?

सुनकी म्हणजे इथल्या लाल सलगमाच्या पाल्याचं आंबवलेलं लोणचं. त्यात मिठाचा कणही नसतो. समुद्र लांब, मीठ डोंगर ओलांडून पाठीवरून यायचं, ते लोणच्यात कोण घालणार. पाला गरम पाण्यातून काढायचा, थरावर थर लावायचा आणि मध्ये गेल्या वर्षीची सुनकी घालायची, मग ऊबेला ठेवून द्यायचा. आंबट होतो, अगदी ताकाच्या अंगानं. पहिल्यांदा चाखलं तेव्हा मी आजींना म्हटलं होतं, आमच्याकडे दही असंच लावतात, जुन्यातलं चमचाभर नव्यात. विरजण संपलं की शेजारी वाटी घेऊन जातात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणवून घेतला होता. विराजान.

तर वाटी घेऊन गेले. त्यांनी फ्रीजरमधून पिशवी काढली, ती सुटी होईपर्यंत आम्ही चहा प्यायलो, आणि मला राहवलं नाही. विचारलं. रागानं विचारायचं ठरवलं होतं, आवाज भलताच निघाला.

आजी बराच वेळ वाटीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, तुम्हाला मेइवाकु, म्हणजे त्रास, नको म्हणून. कामाचा दिवस, काळे कपडे हवेत, पैशांचं पाकीट ठरावीक, त्यावर नाव ठरावीक शाईनं, मंत्र चालू असताना बसायचं किती वेळ. परमुलखातल्या माणसावर आमच्या मरणाचं ओझं कशाला? कागद त्यांनीच पुढे नेला होता. माझ्या दारापाशी थांबल्या होत्या म्हणे. मी आत फोनवर इंग्रजीत बोलत होते.

आणि मग अगदी साधेपणानं म्हणाल्या, "तुम्ही गवताच्या दिवशीही पाकीट पाठवता ना."

वर्षातून दोनदा रविवारी सकाळी सगळी वाडी रस्त्याकडेचं गवत काढते, पाटातला गाळ उपसते. ज्या घरचं कुणी येत नाही ते न येण्याचे पैसे देतं. मी तिन्ही वेळा पैसे दिले. पहिल्यांदा ह्याला टोकियोला सोडायचं होतं. दुसऱ्यांदा पाठ धरली होती. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. झोपायचं होतं, इतक्या माणसांत सकाळभर जपानी बोलायचा कंटाळा आला होता. पाकीट वेळेवर दिलं, नवं, नीट नाव लिहून. मला वाटायचं की मी नियम पाळतेय.

त्यांनी ते पाकीट वाचलं, दुसरं काय करणार? दीड वर्ष मी ज्या दाराआड होते ते दार त्यांनी वाजवलं नाही. वगळलं असं मी शुक्रवारी लिहिलंय, ते खोडत नाही, कारण तसं वाटलं होतं आणि अजूनही थोडं वाटतंय. आजी दारापाशी थांबल्या होत्या. हे डोक्यातून जात नाही. थांबल्या होत्या, माझा आवाज ऐकला आणि पुढे गेल्या. आत मी काय बोलत होते कोण जाणे. कुठल्या तरी रिलीजची तारीख असेल.

मी म्हटलं, पुढच्या वेळी वाजवा. त्यांनी मला न्याहाळलं. मग तुम्हालाही वळणावरच्या घरी नेऊन द्यावा लागेल, म्हणाल्या, रात्र असली तरी, बर्फ असला तरी. मरणाचा कागद सकाळपर्यंत ठेवत नाहीत. मी हो म्हटलं. आणि वसंतातल्या गवताला येईन म्हटलं. विळा आहे का, त्यांनी विचारलं. नाही.

अस्थी एकोणपन्नास दिवस घरात असतात. आपल्याकडे तेराव्यापर्यंत भेटायला जातात, इथे अजून वेळ आहे. आजी उद्या माझ्याबरोबर चढतील. दहाला निघायचं, त्याआधी ऊन खोऱ्यात उतरत नाही आणि वळणावर रस्ता गोठलेला असतो. उदबत्ती कशी लावायची ते त्यांनी स्वयंपाकघरात एक काडी घेऊन दाखवलं. ज्योत फुंकायची नाही, हातानं वारा घालून विझवायची. आमच्याकडेही देवापुढे फुंकत नाहीत, मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत, मान हलवली.

स्टेशनाजवळच्या दुकानातून पाकीट आणलं आणि फिकट शाईचा ब्रशपेन. शाई फिकट का, तर डोळ्यांतलं पाणी मिसळलं म्हणून, असं म्हणतात. काताकाना लिपीत माझं नाव फार लांब होतं. तीन पाकिटं वाया गेली, चौथं जमलं, शेवटचं अक्षर जरा कोपऱ्यात दाटलंय.

सुनकी लावली. डबा ब्लँकेटात गुंडाळून चुलीजवळ ठेवलाय.

कोयता धुतला, तेल लावून पुसून ठेवला. त्याच्या मुठीला त्यांच्या पकडीनं एक खोलगट जागा पडलीय, माझा अंगठा तिच्यात बसत नाही. उद्या तो घेऊन जायचा की नंतर कधी, ते आजींना विचारायचं राहिलं. त्यांच्याकडचा दिवा अजून चालू आहे. विचारून येते.