इफकॉन्फिग काढताना

सगळ्या लिनक्स सर्व्हरांवरून इफकॉन्फिग, नेटस्टॅट, राउट आणि आर्प या नेटवर्क बघण्या-बदलण्याच्या जुन्या कमांड काढायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं, एका दुपारचं काम आहे. या कमांड ज्यात येतात ते नेट-टूल्स पॅकेज काढायचं. त्याच्या जागी लागणारं आयप्रूट२ (आयपी, एसएस या नव्या कमांडचं पॅकेज) तर आधीपासूनच बसवलेलं होतं. सेंटओएस ७ या लिनक्सच्या मिनिमल इन्स्टॉलमध्ये किंवा डेबियन ९ या दुसऱ्या लिनक्समध्येही इफकॉन्फिग आपोआप येत नाही, मग आम्हाला काय अडचण?

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन मॉनिटरिंग स्क्रिप्ट बंद पडल्या होत्या आणि टीममधल्या तिघांनी पॅकेज परत टाकलं होतं. मला राग आला नाही. रात्री अडीचला सर्व्हर प्रतिसाद देत नसतो, तेव्हा बोटं सवयीचंच टाइप करतात.

आमच्यातल्या सर्वांत अनुभवी सहकाऱ्यांनी सरळ विचारलं, "चालतंय ना सगळं? मग काढता कशाला?" 'जुनं आहे' हे काही उत्तर नव्हे. इफकॉन्फिग १९८३ मध्ये ४.२बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीसोबत आलं, इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी त्याहून जुनं आहे आणि ते काढायचं कुणाच्या मनातही येत नाही.

खरं उत्तर मिळालं ते एका घोळातून. एका सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावर दोन आयपी पत्ते होते. दुसरा कुणीतरी आयपी कमांडने, लेबल (वेगळं नाव) न देता जोडलेला. इफकॉन्फिगने एकच दाखवला. ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, आयोक्टल या मार्गाने विचारतं आणि त्या जुन्या पद्धतीत एका नावामागे एकच आयपीव्ही४ पत्ता मिळतो. आयपी कमांड नेटलिंक या नव्या मार्गावरून विचारते, म्हणून तिला सगळे दिसतात. पत्ता मोकळा आहे असं समजून एकाने तो दुसऱ्या मशीनला दिला. मग कनेक्शन कधी या मशीनकडे जायची, कधी त्या. कारण सापडेपर्यंत तास गेला. दोन्ही कमांडची उत्तरं मी त्या सहकाऱ्यांना शेजारी शेजारी दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे तर अर्धंच सांगतंय."

दुसऱ्या खेपेला मी काहीच काढलं नाही. इफकॉन्फिगच्या जागी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली: ती मूळ कमांड जशीच्या तशी चालवायची आणि कुणी, कुठल्या प्रोसेसमधून बोलावलं ते नोंदवायची. हे आधीच करायला हवं होतं. नोंदी पाहिल्या तर बहुतेक वेळा बोलावणारी माणसं नव्हतीच, स्क्रिप्ट होत्या. त्यातल्या काही 'आयनेट ॲडर:' हे शब्द शोधून पत्ता उचलत होत्या. नेट-टूल्सच्या नव्या आवृत्तीत ते 'ॲडर:' छापलंच जात नाही, म्हणजे पॅकेज ठेवलं असतं तरी पुढच्या अपग्रेडला त्या मोडल्याच असत्या. त्या सगळ्या मी आयपीच्या जेसन आउटपुटवर (प्रत्येक माहिती ठरलेल्या नावाने देणाऱ्या) आणल्या. तिथे शब्द मोजत बसावं लागत नाही.

माणसांचं काम वेगळं. नेटस्टॅट सोडणं सोपं गेलं, कारण 'टीयूएलपीएन' ही त्याच्या पर्यायांची अक्षरं त्याच्या जागी आलेल्या एसएसलाही चालतात. पत्ते पटकन बघायला 'आयपी हायफन बीआर ए' लोकांना आवडलं. एका कार्डाची माहिती एका ओळीत येते. अडचण आली पत्ता देताना. मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) दिला नाही तर इफकॉन्फिग १०.०.०.५ ला जुन्या क्लासप्रमाणे २५५.०.०.० लावतं आणि कार्ड चालूही करतं. आयपी कमांड तिथे /३२, म्हणजे फक्त तो एकच पत्ता, धरते आणि कार्ड चालू करायला वेगळी आज्ञा लागते. हा फरक न सांगता 'आता हे वापरा' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून प्रत्येकाबरोबर बसून टेस्ट मशीनवर तो एकदा करून पाहिला.

तीन महिन्यांनी नोंदी जवळजवळ थांबल्या. आता एका सर्व्हरवर नेट-टूल्स उरलंय, एका जुन्या बॅकअप प्रोग्रामसाठी. त्याचा सोर्स कोड आमच्याकडे नाही. तो बदलेपर्यंत मी ते तिथेच राहू देणार आहे.