मावशीचा गुडघा आणि गोव्यातल्या घंटा

बेळगावहून निघण्याआधीच मावशीने फोनवर बजावलं होतं, "समुद्रबिमुद्र दाखवत बसू नकोस. शांतादुर्गेची ओटी भरायची आहे आणि एकदा ते जुनं गोवं बघायचं आहे. बाकी तू म्हणशील तसं." मावशीचं वय ७४, डावा गुडघा कामातून गेलेला, हातात काठी आणि 'मला काही होत नाही' हे पालुपद. मी रायबंदरला राहते त्याला अकरा वर्षं झाली. पाहुणे आले की त्यांना गाडी ठरवून द्यायची आणि आपण ऑफिसला जायचं, हा माझा शिरस्ता. या वेळी मुद्दाम रजा घेतली, तर ठरवलेल्या गाडीवाल्याने आदल्या रात्री कळवलं की त्याला विमानतळाचं भाडं लागलंय. झालं. बस, रिक्षा आणि फेरीबोट यांवर तीन दिवस काढायचे ठरले. आता वाटतं, बरंच झालं.

गुरुवारी दुपारी चोर्ला घाटातून आलेली तिची बस पणजीत लागली. जेवून, थोडं पडून, पाचला बाहेर पडलो. पणजीत मी एकच नियम केला होता: चढ दिसला की खालूनच नमस्कार. त्यामुळे जुन्या सचिवालयाकडून सुरुवात केली. हा मुळात आदिलशहाचा वाडा, नंतर पोर्तुगीजांनी वापरला. त्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे: हात पसरून उभा असलेला झगेवाला माणूस आणि त्याच्यापुढे कोसळत चाललेली बाई. मावशी थबकली. "अगं, हा तिला एवढा ओरडतोय कशापायी?" ओरडत नाहीये, संमोहन करतोय, असं सांगितलं. कांदोळीला १७५६ मध्ये जन्मलेला हा पाद्री पॅरिसला जाऊन संमोहनाचे प्रयोग करत असे. ती पुतळ्याभोवती काठी टेकत पूर्ण फिरली आणि म्हणाली, "गुडघ्यावर चालतं का ते विचार."

पणजीच्या टेकडीवरच्या चर्चच्या त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या तिने खालूनच बघितल्या आणि आम्ही समोरच्या बागेत बसलो. बागेला नाव गार्सिया द ऑर्ताचं. हा पोर्तुगीज वैद्य इथे येऊन राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो मूळचा ज्यू घराण्यातला. मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याचे अवशेष उकरून जाळले. हे ऐकल्यावर मावशीने हातातली शेंगदाण्याची पुडी बाजूला ठेवली. "मेलेल्या माणसाला?" हो, मेलेल्या माणसाला. "आणि आता बागेला नाव." मग तिने पुडी परत उचलली.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली. जड, सावकाश, पोटात घुमणारी. मी म्हटलं, ही घंटा इथली नाही, जुन्या गोव्याच्या एका मनोऱ्यातून आणलेली आहे, उद्या तो मनोरा दाखवते. तिने मान डोलावली, पण लक्षात ठेवलं नसावं असं मला वाटलं.

अंधार पडायच्या आत दादा वैद्य रस्त्यावरच्या महालक्ष्मीला जाऊन आलो. हे देऊळ १८१८ चं. पणजीत हिंदूंना देऊळ बांधायची परवानगी मिळाली ती इथून, असं मी तिला सांगत होते. तिचं लक्ष आरतीच्या ताटाकडे होतं, आणि तेही बरोबरच.

शुक्रवारी जुनं गोवं. इथे माझी घोडचूक झाली. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. बसून बसून बघता येईल म्हणून मी मुद्दाम ते यादीत वर ठेवलं होतं, आणि ते शुक्रवारी बंद असतं. अकरा वर्षं रोज बसच्या खिडकीतून बघते आणि एवढं माहीत नाही! जायचं तर शुक्रवार सोडून जा. सकाळी लवकर जा, दहानंतर सहलीच्या बसगाड्या येतात आणि मग बसायला कठडादेखील मिळत नाही. खांदे, गुडघे झाकलेले कपडे घाला. नऊवारीतल्या मावशीला हा प्रश्न नव्हता, मला मात्र ओढणी खांद्यावरून सारखी सावरावी लागली.

बोम जेझूचं चर्च बाहेरून बघताच मावशी म्हणाली, "हे अर्धवट का ठेवलंय?" जांभा दगड उघडा पडलेला, काळपट लाल, जवळून बघितलं तर भोकाभोकांचा, शिळ्या भाकरीसारखा. बांधकाम १५९४ ला सुरू झालं, १६०५ मध्ये पुरं झालं, तेव्हा वर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात तो काढून टाकला आणि तेव्हापासून पावसाळा थेट दगडावर. "आमच्या अंगणातल्या भिंतीलाही पावसाळ्याआधी चुना मारतो आम्ही," एवढंच ती म्हणाली. जागतिक वारशाच्या वास्तूवर इतका नेमका शेरा मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही.

आत संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे, ज्याला इथले लोक गोंयचो सायब म्हणतात. तो १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. तिथून मलाक्का, आणि १५५४ मध्ये गोवा. चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी घडवलेली, खालचा संगमरवरी चौथरा मात्र इटलीतल्या टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेला, १६९८ मध्ये बसवलेला. पेटी इतकी उंचावर आहे की खालून फारसं काही दिसत नाही. मावशी नाराज झाली. दर दहा वर्षांनी शव खाली आणून दर्शनाला ठेवतात, मागचं दर्शन जानेवारी २०२५ मध्ये संपलं, असं सांगितल्यावर तिने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत ऐंशी पार. बघू. तोवर गुडघा बदलून घेते."

सी कॅथेड्रलला समोरून एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सगळ्यात मोठी घंटा आहे, तिला सोनेरी घंटा म्हणतात. ती वाजली नाही, पण आम्ही वाट बघत बसलो. मग व्हाइसरॉयच्या कमानीतून उतरून धक्क्यावर. इथे मला एक युक्ती सुचली, पाय दुखणाऱ्या कुणालाही सांगेन: समोरच्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत बसा, पलीकडे उतरूच नका, त्याच बोटीने परत या. पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत. वारा लागतो, बसायला मिळतं आणि नदीवरून जुन्या गोव्याकडे बघितलं की नारळांच्या झाडीतून नुसते मनोरे वर आलेले दिसतात. पोर्तुगीज जहाजं आली तेव्हा शहर इथूनच दिसत असणार.

बोटीत मी तिला सप्तकोटेश्वराबद्दल सांगितलं. कदंब राजांचं हे दैवत याच दिवाडी बेटावर होतं. इथलं देऊळ पाडलं गेलं, देव नदीपलीकडे डिचोलीतल्या नार्व्याला गेला आणि तिथलं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधून घेतलं. "आणि कदंबा बस?" हो, गोव्याच्या सरकारी बसचं नाव त्याच कदंबांवरून. महाराजांचं नाव निघाल्यावर ती ताठ बसली, ते बेळगावचं रक्त.

परत आल्यावर सेंट कायतानच्या चर्चजवळ आदिलशाही वाड्याचा उरलेला दरवाजा बघितला. दोन खांब, वर आडवी शिळा, मागे काही नाही. काळा दगड. जांभ्याच्या गावात तो दगड उपरा दिसतो. मावशी बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत उभी होती. "घडण आपल्याकडच्या देवळासारखी आहे," म्हणाली. खरंच तशी आहे.

संत ऑगस्टीनच्या पडक्या चर्चच्या मनोऱ्याकडे चढ आहे, म्हणून रिक्षा केली. मनोरा अर्धाच उरलाय. मूळ उंची ४६ मीटर. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनेच मठ बंद पाडले, माणसं गेली, १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. मी सांगायला तोंड उघडलं तोवर मावशीच वर बघत म्हणाली, "कालची घंटा इथली ना?" हो. १८७१ मध्ये ती पणजीच्या चर्चवर गेली. राजधानी त्याआधीच, १८४३ मध्ये, पणजीला गेली होती.

शनिवारी फोंडा. वाटेत आधी मंगेशी लागतं, मग म्हार्दोळ, मग फोंडा आणि पुढे शांतादुर्गेचं कवळे. उतरत उतरत जाणं सोयीचं, पण तसं केलं तर कवळ्याला पोचेपर्यंत नैवेद्याची वेळ होते. म्हणून आधी थेट फोंडा गाठलं. गर्दीच्या बसमध्ये कंडक्टरने "फुडें वचात, फुडें!" ओरडता ओरडताच एका कॉलेजच्या मुलाला म्हटलं, "मावशेक बसूंक दी रे." मावशी खूश. "बघ, त्याने मला मावशी म्हटलं." इथे सगळ्यांनाच म्हणतात, हे मी सांगितलं नाही.

कवळ्याच्या देवस्थान कार्यालयात पावती करताना कारकुनाने विचारलं, "महाजन?" मावशी म्हणाली, "नाही नाही, आडनाव वेगळं आहे." गोव्यातल्या देवळांचे वंशपरंपरेने नोंदलेले हक्कदार म्हणजे महाजन; आम्ही नुसते कुळावी, म्हणजे देवी आमची कुलदेवता एवढंच. हे तिला समजावेपर्यंत मागची रांग हसू लागली होती. गोत्र, नाव, ओटी, अभिषेक अशी पावती झाली. देवी मूळची केळोशीची, जुवारी नदीच्या पलीकडची. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा भक्तांनी ती नदी ओलांडून इथे आणली, कारण अंत्रुज महाल, म्हणजे हा फोंड्याचा भाग, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. आताचं देऊळ शाहू महाराजांच्या काळातलं, नारो राम मंत्र्यांच्या खटपटीने उभं राहिलेलं. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची. दोघांचीही गोष्ट हीच. पुजारी ओटी लावेपर्यंत मावशीचे ओठ हलत होते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, इथे यायचं होतं आणि जमलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. तिने दोन ओट्या आणल्या होत्या.

फोंड्यात पातळभाजी-पाव खाल्ला, मिरच्या सोसल्या नाहीत म्हणून वर दोन चहा. परतीच्या वाटेवर म्हार्दोळला उतरलो. म्हाळसेच्या घंटेची गोष्ट इथे सांगतात: तिला एरवी लोळी (आतला लोंबता लोलक) लावत नसत, कुणाला शपथेवर साक्ष द्यायची असेल तेव्हाच लावत, आणि त्या घंटेपुढे खोटं बोलायची कुणाची छाती होत नसे. आवारातली उंच पितळी समई बघायला मावशी काठी टेकून मान मागे टाकून उभी राहिली, आणि तोल जाता जाता मी धरली. मंगेशीला पोचलो तेव्हा सात मजल्यांची दीपमाळ उन्हात पांढरीफेक दिसत होती. आत जाऊन आलो खरे, पण थकव्याने तिथलं मला फार आठवत नाही.

रविवारी सकाळी पणजीच्या स्टँडवर तिने पिशवीतून ओटीचा नारळ काढला. "ओला आहे, ठेवू नकोस, आजच वड्या कर." मग बस हलता हलता खिडकीतून, "आणि ती घंटा संध्याकाळी किती वाजता वाजली होती गं?"

मी घड्याळ बघितलं नव्हतं. वड्या केल्या, खालून थोड्या लागल्या.