मुइरेदाखचा क्रॉस सोपस्टोनमध्ये: रिंग झाली, गाठी चालू आहेत

रिंग, म्हणजे क्रॉसच्या हातांना जोडणारं गोल दगडी कडं, मोकळी झाली एकदाची! नवीन लोकांसाठी थोडक्यात, आयर्लंडमधल्या मोनास्टरबॉइस या जुन्या मठातला मुइरेदाखचा कोरीव दगडी क्रॉस सोपस्टोन या मऊ दगडात एकास वीस मापात करतोय, मूळचा साधारण साडेपाच मीटर उंच आणि वालुकाश्माचा, म्हणजे माझा साडेसत्तावीस सेंटीमीटर. रिंग आणि हातांमधली चारही भोकं आधी हँड ड्रिलने पाडली आणि मग गोल कानशीने वाढवली, रिंग खांबापेक्षा जराशी आत दबलेली ठेवलीये, हे खूप महत्त्वाचंय, सगळं एका पातळीत आलं की क्रॉस बिस्किटासारखा सपाट दिसतो.

आता बाजूंवरच्या गाठी, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची नक्षी. ग्राफ पेपरवर आधी साधी वेणी काढायची, तिरपे पट्टे एकदा वरून एकदा खालून, मग ठराविक ठिकाणी वेणी तोडायची आणि सुटी टोकं शेजारच्या टोकांना जोडायची की गाठी तयार होतात, आणि कुठेही तोडा वर-खालीचा क्रम काही बिघडत नाही, हे स्वतः काढून बघाच. दगडात खालचा पट्टा फक्त क्रॉसिंगजवळ उतरता करतोय, तेवढ्यानेच तो खालून गेल्यासारखा दिसतो. धूळ उडू नये म्हणून दगड ओला ठेवतो, मास्क असतोच.

पश्चिमेकडची सगळ्यात खालची चौकट पेन्सिलने आखून झाली. मधोमध ख्रिस्त, दोन्हीकडे शिपाई. हजार वर्षं पाऊस खाऊनसुद्धा मूळ दगडात शिपायांच्या लांब मिशा आणि ख्रिस्ताच्या झग्यावरचा ब्रोच (कपडा अडकवायची शोभेची पिन) ओळखू येतो, एवढ्या उठावात कोरलंय त्या लोकांनी!! माझ्या मापात ब्रोच म्हणजे टिंबच, तरी सोडणार नाही. त्याखाली दोन मांजरं आणि लेख, हा क्रॉस ज्याने करवला त्या मुइरेदाखसाठी प्रार्थना करा असा. या नावाचा मठाधिपती ९२३ मध्ये वारला, त्यावरून क्रॉस सहसा दहाव्या शतकाच्या सुरुवातीचा धरतात.

पुढचं काम मला सगळ्यात आवडणारं, उत्तरेकडच्या आडव्या हाताची खालची बाजू. तिथे देवाचा हात कोरलाय, खाली उभं राहून मान वर केली तरच दिसतो. टेबलावर ठेवल्यावर माझा कुणाला दिसणार नाही, पण कोरणार म्हणजे कोरणार. रिंगमुळे तिथे पटाशी सरळ बसत नाही, म्हणून वाकडी कोरणी घासून घेतोय आणि क्रॉस उलटा धरायला फळीत खाच पाडून ठेवलीये.