मंगळवारची ओळ

बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५

आज त्रिपुरी पौर्णिमा. आई संध्याकाळी कौपिनेश्वराला दिवे लावायला जाईल. मी पहाटे चारला निघून ऐरोलीच्या ऑफिसात, कारण मेलबर्न सध्या आपल्यापुढे साडेपाच तास आहे.

आमचं काम एनडीआयएसच्या बिलांचं. ऑस्ट्रेलियातल्या दिव्यांगांना या सरकारी योजनेतून मदतीचे पैसे मिळतात. मदतनीस कधी आला, कधी गेला, त्याच्या नोंदीवरून आम्ही बिल करतो. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, काम तेच. दिवस बदलला की कोड बदलतो. सोमवार ते शुक्रवार दिवसा ०१_०११_०१०७_१_१, सार्वजनिक सुट्टीला ०१_०१२_०१०७_१_१. फरक एका आकड्याचा, पण दर दुपटीहून जास्त.

काल मेलबर्न कपची सुट्टी होती. घोड्यांच्या शर्यतीची. ती मेलबर्नला असते, सिडनीला नसते. हे मला पाठ आहे, तरी शीटमध्ये सुट्टीचा कोड वरून खाली ओढताना मधली सिडनीची ओळही त्यात गेली. पाठवण्याआधी पत्ते पुन्हा ताडले म्हणून सापडली. हात गार पडले माझे.

चार तासांचं बिल होतं. त्या गृहस्थांच्या खात्यातून जवळजवळ नऊ तासांचे पैसे गेले असते. त्यांचे पैसे ठरावीक मुदतीसाठी मोजून दिलेले. पुढे एखाद्या सकाळी त्यांना उठवायला कोणी आलं नसतं, आणि का, ते त्यांना कळलंही नसतं.

मला कळव्याची आत्या आठवली. तिच्या मुलाला, दादाला, सेरेब्रल पाल्सी आहे, हालचाली त्याच्या ताब्यात नसतात. त्याचं करायला मावशी येतात, त्यांचे खाडे आत्या कालनिर्णयवर मांडते. खाडा मावशींचा असेल तर फुली. दादाला ताप आला म्हणून आपणच 'येऊ नका' सांगितलं असेल तर गोल, आणि त्या दिवसाचे पैसे ती पूर्ण देते. ऑस्ट्रेलियातही मदत घेणाऱ्याने सात दिवसांहून कमी आधी सांगून भेट रद्द केली, तर तिचं बिल लावता येतं. ते नियमात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नव्हतं. आत्याचा गोलच तो.

उद्यापासून राज्याप्रमाणे ओळी वेगळ्या करूनच कोड भरायचे.

सुटल्यावर कळव्याला जाऊन आले. आत्याने ऑक्टोबरचं पान अजून उलटलेलं नाही. दोन गोलांचा हिशेब राहिलाय म्हणाली, मावशी येऊ देत, मग उलटू.