आमची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तो हंगाम

निर्यातीच्या द्राक्षांचा हिशेब आमच्याकडे किलोत कमी आणि दिवसांत जास्त चालतो. घडाचा देठ हिरवा आहे तोवर सगळं ठीक. तो तपकिरी पडला की मणी कितीही गोड असू दे, युरोपातला खरेदीदार पनेट (द्राक्षांची छोटी प्लास्टिकची डबी) उघडून फोटो पाठवतो आणि भाव तुटतो. मी निफाड तालुक्यातल्या एका पॅकहाउसमध्ये बुकिंग आणि निर्यातीची कागदपत्रं बघतो.

१९ नोव्हेंबर २०२३ ला येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं. तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही फिरला. सिनेमा बघावा तसा बघितला आणि विसरलो. त्याच महिन्याच्या शेवटी आमच्याकडे गारा पडल्या, त्यामुळे तांबड्या समुद्राकडे बघायला कोणाला सवड होती? डिसेंबरच्या मध्यावर मात्र जहाजांवरचे हल्ले वाढले आणि मोठ्या शिपिंग लाइन्सनी एकामागून एक सुएझचा रस्ता सोडला. आमच्या सीएचएचा, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा, मेसेज आला तो एवढाच : "सगळं केपमार्गे. रेट उद्या."

मुंबईहून उत्तर युरोपला सुएझमार्गे साधारण सव्वासहा हजार सागरी मैल पडतात. केप ऑफ गुड होपला वळसा घातला की साडेदहा हजारांच्या वर. एरवी रॉटरडॅमपर्यंत मी बावीस ते पंचवीस दिवस धरायचो, आता लाइनचा माणूस अडतीस म्हणत होता. तेही "अंदाजे".

दुसऱ्या दिवशी रेट आला, आदल्या वर्षाच्या जवळजवळ अडीच पट. व्हॅलिडिटी एक आठवडा. खाली सरचार्जची रांग, त्यात एक 'वॉर रिस्क'. जहाज त्या बाजूला फिरकणारच नव्हतं, मग युद्धाचे पैसे कसले? विचारल्यावर सुधारित कोटेशन आलं. त्यात त्याचं नाव 'कंटिजन्सी' झालं होतं, रक्कम तीच.

त्या रात्री मी पहिल्यांदा बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे लाइन मालासाठी देते त्या पावतीची, मागची बाजू नीट वाचली. इतकी वर्षं ती बारीक अक्षरं मी नुसती फाइल करत होतो. जहाज कुठल्याही मार्गाने न्यायची मुभा लाइनला असते, पोचण्याच्या तारखेची हमी ती देत नाही. मग विमा एजंटला फोन केला. त्याने एका वाक्यात निकाल लावला, "साहेब, जहाज बुडालं तर पैसे मिळतील, उशिरा पोचलं तर नाही." खरंच आहे ते. नेहमीच्या कार्गो पॉलिसीत उशिरामुळे झालेलं नुकसान वगळलेलंच असतं, अगदी उशिराचं कारण विम्यात बसणारं असलं तरी. वॉर कव्हर वेगळं घ्यावं लागतं आणि तेही कंपनी सात दिवसांची नोटीस देऊन काढून घेऊ शकते.

म्हणजे वाढीव पंधरा दिवस सर्वस्वी आमच्या अंगावर. भाड्यावरून सगळे ओरडत होते, पण भाडं निदान आकड्यात दिसत होतं. हे दिवस कोणाच्याच कोटेशनमध्ये नव्हते.

मग बागा निवडायला बसलो. ज्यांची साल जाड, मणी कडक, देठ रसरशीत, तेवढाच माल जहाजाला. उशिरा पाणी दिलेल्या दोन प्लॉटना नाही म्हणावं लागलं. त्यातला एक अण्णांचा. मला लहानपणापासून ओळखतात.

"गोडी अठरा आहे भाऊ. मागच्या साली याच मालाला तू नाचत होतास."

"गोडीचा प्रश्न नाही अण्णा. चाळीस दिवस देठ टिकणार नाही."

"म्हणजे माझा माल बोटीतच म्हातारा होणार म्हण की."

शेवटी अर्धा प्लॉट घेतला, अर्धा त्यांनी जागेवर व्यापाऱ्याला दिला. बुरशी लागू नये म्हणून पेटीत ठेवतात त्या सल्फरच्या पॅडचाही घोळ होता. प्रवास लांबला म्हणून जोराचा पॅड टाकावा, तर मणी पांढरे पडतात आणि युरोपात सल्फर डायऑक्साइडची मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. आम्ही आधी पटकन आणि नंतर हळूहळू गॅस सोडणारा दुहेरी पॅड वापरला आणि देवाचं नाव घेतलं.

जानेवारीच्या शेवटी पहिला कंटेनर भरायचा होता, तर रिकामा रीफर, म्हणजे थंड कंटेनरच, मिळेना. जहाजंच उशिरा परतत होती, मग रिकामे डबे कुठून येणार? पाचव्या दिवशी मिळाला. तेरा टन माल, उणे अर्धा अंश तापमान, बॉक्सांच्या मधे तापमान नोंदवणारा डेटा लॉगर. गाडी रात्री कसारा घाट उतरली, पहाटे न्हावा शेव्याला गेट-इन झाली. दुपारी सीएचएचा फोन : जहाज भरलं, आपला डबा रोल केला, म्हणजे पुढच्या जहाजावर ढकलला, पुढच्या आठवड्यात बघू. पुढचे सात दिवस आमची द्राक्षं समुद्र दिसेल इतक्या जवळ, टर्मिनलच्या विजेच्या प्लगवर. प्लगचं भाडं आमच्याकडे, वर खुड्यापासूनचे दिवस मोजणं चालूच.

जहाज सुटल्यावर मला ट्रॅकिंगचं व्यसन लागलं. नकाशावर तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, बाब-अल-मंदेबजवळ, जी थोडी जहाजं दिसायची, त्यांनी आपल्या मुक्कामाच्या बंदराच्या जागी भलतंच काही लिहिलेलं असायचं. कुणी 'इस्रायलशी संबंध नाही', कुणी 'सगळे खलाशी चिनी', कुणी 'जहाजावर सशस्त्र रक्षक'. घराच्या दारावर 'कुत्र्यापासून सावध' लिहितात तसं. आमचं जहाज मात्र मुकाट खाली खाली सरकत होतं.

ते केप टाउनच्या समोरून गेलं तेव्हा मला हसावं की रडावं कळेना. दक्षिण आफ्रिकेचाही द्राक्षांचा हंगाम तेव्हा भरात असतो आणि त्यांचा माल तिथूनच उत्तरेकडे रॉटरडॅमला निघतो. म्हणजे अर्धी पृथ्वी फिरून आम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात पोचलो होतो, आणि त्याचा माल तिथून ताजा निघणार होता.

जहाजाला एकोणचाळीस दिवस लागले, न्हावा शेव्याचे सात वेगळे. लॉगरचा आलेख चांगला होता, सरळ रेघ, कुठे उंचवटा नाही. लाइनने तापमान चोख सांभाळलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माल उतरला त्याच आठवड्यात मागेपुढे सुटलेली तीन जहाजं एकदम बंदराला लागली होती. बाजारात भारतीय द्राक्षांचा ढीग. माल आम्ही कन्साइनमेंटवर पाठवला होता, म्हणजे विकेल तो भाव आमचा. खरेदीदाराच्या सहा फोटोंपैकी चारांत देठ हिरवट, दोनांत काडीसारखे. त्या दोन फोटोंवर सगळ्या डब्याचा भाव ठरला.

एप्रिलमध्ये हिशेबाचा कागद आला. भाडं, प्लग, रिपॅकिंग वजा जाता अण्णांच्या वाट्याला किलोमागे जे उरलं, ते जागेवर विकलेल्या अर्ध्या प्लॉटपेक्षा कमी होतं. कागद मी त्यांच्या घरी जाऊनच दिला, फोनवर सांगवलं नाही. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि चहा सांगितला.

पुढच्या सप्टेंबरात ते स्वतःच पॅकहाउसवर आले. भावाचं काही विचारलं नाही.

"बोटी यंदाही वळसा घालणार का, तेवढं सांग. मग छाटणीचं ठरवतो."

लाइनवाल्यांना विचारून बघितलं. सगळ्यांचं एकच उत्तर, सध्या तरी केप. आधी छाटलं तर माल आधी निघतो, बाजारातली गर्दी थोडी चुकवता येते, पण मग परतीचा पाऊस ऐन फुलोऱ्यात गाठू शकतो. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. अर्धी बाग त्यांनी पंधरा दिवस आधी छाटली, अर्धी नेहमीच्या वेळेला.